पंचेचाळीस सेंटिमीटर

गोदामात आम्ही प्लायवूडची एक खोली उभी केली होती,
खऱ्या मापाची. खोटा पलंग, खोटं बेसिन,
ऑक्सिजनच्या जागी खडूचं एक वर्तुळ.
बाहेर चिलोएचा पाऊस, आडवा, खारट,
आणि आत ओल्या लोकरीचा वास घेऊन बावीस माणसं,
अजून नसलेल्या इस्पितळात
पहिली पाळी करायला आलेली.

मी राजधानीहून आलेलो. हातात वेळापत्रक,
चारशे बारा ओळी, प्रत्येकीला आरंभ आणि शेवट.

नोल्बेर्ता, फरशी पुसणारी, म्हणाली, "बादली कुठे भरू?"
नकाशात एकशे सदतीस नळ होते.
बादली मावेल असा एकही नव्हता.
शवागाराचं दार स्वयंपाकघरासमोर उघडतं,
हे पाव पोचवणाऱ्या पोराच्या लक्षात आलं.
मी लिहीत होतो. पेन्सिल दोनदा मोडली.

मग ओर्तेन्सिया कार्कामो,
एकतीस वर्षं रात्रपाळी केलेली,
मला म्हणाली, "झोपा."
"कुठे?"
"पलंगावर. बूट काढून."
झोपलो. मोज्याला भोक होतं, सगळ्यांनी पाहिलं.
"काय दिसतं खिडकीतून?"
गोदामाचं छप्पर दिसत होतं.
"तिथे आभाळ असेल," मी म्हणालो.
"आभाळ इथे पोटभर पाहिलंय सगळ्यांनी.
माणूस शेवटाला टेकला की विचारतो,
बोट आली का."

खिडकीचा कट्टा नव्वदवर होता.
पंचेचाळीसवर हवा होता.
तेवढ्यासाठी अर्ज, खर्चाचा तक्ता, खुलासा,
खुलाशाचा खुलासा.
वरून पत्र आलं:
रुग्णास समुद्र दिसण्याचा वैद्यकीय आधार जोडावा.
मी ओर्तेन्सियाचं वाक्य जोडलं, जसंच्या तसं,
खाली तिची सही, गिरवून मोठी केलेली.

सरकारी काम, सहा महिने थांब.
सहाचे सव्वीस झाले.
मधे ठेकेदार बुडाला. नव्याने म्हटलं,
आधीच्याचं काँक्रीट मी ओळखत नाही.
पायाभरणी दोनदा झाली,
दोन मंत्र्यांच्या हस्ते, एकाच दगडावर.
ओर्तेन्सिया निवृत्त झाली.
एवारिस्तो बार्रियाची बहीण
जुन्या इमारतीत, गळक्या छताखाली,
बोटीची वाट बघत गेली.
उशिराला माझ्या तक्त्यात नारिंगी रंग होता.
उशिरात गेलेल्यांना रकाना नव्हता.
मी एक करून पाहिला, एका रात्री,
आणि सकाळच्या बैठकीआधी पुसला.

स्थलांतराच्या दिवशी तेवीस रुग्ण, चार गाड्या,
सेकंदाचा हिशेब.
नवव्या फेरीत एक बाई वाटेतच बाळंत झाली,
ना जुन्यात, ना नव्यात.
जन्मस्थळ म्हणून काय लिहायचं,
यावर दोन कारकुनांचं असं जुंपलं
की बाळाचं रडणं कुणाला ऐकू येईना.

आता मी दोषांची यादी करायला आलोय.
दुसरा मजला, खोली दोनशे चौदा.
पलंगावर एवारिस्तो, नाकात नळी.
आणि कट्ट्यावर, पाठ काचेला टेकून,
त्याची बायको, मांडीवर फडकं,
फडक्यात बटाटे, आतून जांभळे.
चाकू कुठून आणला, विचारायचं होतं.
नियमात बसत नाही.

"खुर्च्या कमी दिल्यात तुम्ही," ती म्हणाली.
"बरं तर बरं, हा ओटा बसण्याजोगा केलाय."

पंचेचाळीस. खुर्चीची उंची.
इतक्या कागदांत हे कुणी लिहिलं नव्हतं,
ओर्तेन्सियानेही नाही.

"सरक," म्हातारा म्हणाला. "बोट दिसत नाहीये."
ती वीतभर सरकली. सालं खाली पडली.
तिने वाकून पाहिलंही नाही.

यादीत मी लिहिलं:
दुसरा मजला, बादलीचा नळ गळतो.