तेराचा पाढा

तिचं नाव लिहीत नाही.
कायद्याची मनाई आहे,
नसती तरी लिहिलं नसतं.

पहिल्यांदा तिनं मला सांगितलं.
धाकट्या भावाला न्यायला आली होती अंगणवाडीत,
मी खिचडीचं गंज घासत होते, ती राख देत होती.
मग पोलीस पाटलाला.
मग घाटंजीच्या ठाण्यात; बाक उंच,
पाय टेकत नव्हते तिचे.
मग ग्रामीण रुग्णालयात. बाई डॉक्टर रजेवर,
म्हणून दुसऱ्या दिवशी यवतमाळला,
पुन्हा पहिल्यापासून.
मग समिती. मग मॅजिस्ट्रेट.
मग एक साहेब, ज्यांची एक सही राहिली होती.
मी बोटांवर मोजत होते. एक हात कधीच संपला.

एसटीत ती विचारायची,
"काकू, आज कोन इचारनार?"
"आज दुसरे."
"कालच्या मॅडमनं त्याईले सांगतलं नाई काय?"

कोर्टात उभी राहिली तोवर दीड वर्ष झालं होतं.
तिनं सांगितलं. सरळ, न अडखळता,
तेराचा पाढा म्हणावा तसं.
समोरचा वकील काही वाईट माणूस नव्हता,
एवढंच म्हणाला: साहेब, हे पाठ केलेलं आहे.

होतंच.
आम्हीच घेतलं होतं करून,
टेबलाटेबलावर, शिक्क्याशिक्क्यानं.

आता नवा कायदा आलाय, जिल्ह्याला एक घर झालंय.
कागदात शब्द आहेत: समन्वय, एकत्रित, बालस्नेही.
बचत गटात मी सोपं करून सांगितलं:
लेकरू फिरणार नाही, साहेब फिरतील.

गेल्या आठवड्यात एकाला घेऊन गेले. पोडावरचा, सात वर्षांचा.
कोलामी बोलणाऱ्या आत्रामबाई आधीच येऊन बसलेल्या.
पोलीस ताई साध्या साडीत, सतरंजीवर.
डॉक्टर शेजारच्या खोलीत, बाकीचे काचेपलीकडे.
तो अडखळला, थांबला,
मधेच बकरीच्या पिलाचं सांगत बसला बराच वेळ.
कुणी टोकलं नाही.
मग म्हणाला, "झालं?"
झालं.
त्याला खरं वाटेना. चप्पल घालूनही दारातच उभा,
अजून कुणी बोलावेल म्हणून.

परवा ती भेटली, पांढरकवड्याच्या स्टँडवर,
बारावीची पुस्तकं छातीशी.
कुठून तरी ऐकलं होतं तिनं.
"काकू, तिथं बाक आहे काय?"
"नाई वं. सतरंजी."
ती खाली पाहत राहिली, आपल्या पायांकडे.

गाडी लागली.