चष्मा आणि बंदूक

एकाच दिवशी घेतली दोन्ही,
गोंदियात, रेल्वे फाटकापलीकडे, एकाच गल्लीत:
मला चष्मा, बाबांना बंदूक.
धानाचे पैसे बंडीच्या आतल्या खिशात,
खिशाला वरून सेफ्टी पिन.

डॉक्टर विचारत होता, हे स्पष्ट की हे?
आता? की मघाचं?
मला दोन्ही सारखीच वाटली,
घाबरून म्हणाले, मघाचं.

फखरुद्दीन शेठच्या दुकानात बाबांचीही तीच परीक्षा.
डोळे मिटा, पाणकर.
बंदूक खांद्याला. गाल दस्त्यावर. आता उघडा.
मणी कुठं दिसतो?
दुनळीचा मणी नाकासमोर बसला होता.
दुसरीचा किंचित डावीकडे.

दुसरी म्हणजे बेल्जियमची, एकनळी.
चाप ओढला की रिकामं काडतूस स्वतःच फेकायची,
पुढचं स्वतःच ओढून घ्यायची.
अर्धी आपोआप, शेठ म्हणाले.
"मंग उरलेली अर्धी कोन?"
"बोट तुमचंच, पाणकर."

झिबल नान्ह्यानं निघतानाच सांगून ठेवलं होतं,
डोंग्यात बसून दुनळी मोडाची म्हंजे
कोपर पसरते, डोंगा कलते.
आणि त्याच दमात,
कागदाचं काडतूस दवात फुगते,
फुगलं का आटोमॅटिक रुसते.
झिबलचा सल्ला असाच,
दोन्ही काठांवर एकेक पाय.

"बयना, आयक," बाबा म्हणाले.
शेठनं दुनळी मिटली:
आईची पेटी बंद होते तसा आवाज.
मग दुसरीचा खटका सोडला:
तुडुमाची लोखंडी पट्टी खाली पडावी तसा.
"पाखरं आयकतीन," मी म्हणाले.
तरी बाबांनी तीच घेतली.
एस्टीत बसल्यावर, कोणी न विचारता, बोलले,
"दोन चुकल्या का हात रिकामे होतेत.
मले ते आवडत नाही."

पौषातली पहाट.
तलावावर इतकं धुकं की पाळ कुठे संपते कळेना.
झिबल मागे, बांबूवर.
बाबा मधे, मांडीवर बंदूक.
मी पुढे, नव्या चष्म्यासकट,
कारण बाबांच्या डोळ्यांत त्या वर्षी पाणी उतरत होतं
आणि हे घरात कोणी बोलत नव्हतं.

अडया उठल्या, शीळ घालत.
दोन पडल्या.
लाल काडतुसं पाण्यावर तरंगू लागली,
झिबलनं मासोळीच्या झोळणीनं ती उचलली,
पाखरांच्या आधी.
तिसरं अडकलं. फुगलं होतं.
बाबांनी बंदुकीला तिच्या मायबापांवरून शिवी दिली,
नखानं उकरून काढलं, तीन नवी भरली.

मग देवधानाच्या पलीकडून
काहीतरी येताना दिसलं, खाली, पाण्याला लागून,
लांब मानेचं, सहा की सात.
"काय हाय वं?"

तलवार बदकं होती.
तोवर मला बदक म्हणजे
आभाळाला पडलेला एक डाग, एवढंच ठाऊक होतं.
आता तपकिरी डोकं दिसत होतं,
डोक्यामागून मानेवर उतरलेली पांढरी रेघ,
पाटीवर ओल्या खडूनं काढावी तशी,
आणि शेपटीची सुई.
बाबा वर्षभर ज्यांचं नाव घ्यायचे, ती हीच.

"पाणकावळे," मी म्हणाले.

बंदूक खांद्यापर्यंत आलेली.
झिबल आपल्या बांबूकडे पाहू लागला,
जणू तो आजच घेतला होता.
आमच्या डोक्यावरून ती गेली,
पंखांचा आवाज पाणकावळ्यांचा नव्हता,
आणि बाबांचे कान शाबूत होते.

बाबा काही बोलले नाहीत.
खटका मागे ओढला, एक काडतूस बाहेर आलं,
मग दुसरं, तिसरं.
तिन्ही माझ्या ओच्यात टाकली.
"चष्मा पूस," म्हणाले, "दव बसलं असंल."