नाडी

नर्सबाईंनी कागदावर एक आकडा लिहिला
आणि त्याभोवती गोल काढला. बस्स, एवढंच.
घरी येताना वेकफिल्डच्या चढावर दोनदा थांबलो,
बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून.

त्या दिवसापासून ज्वारी.
पहिली भाकरी फाटली, दुसरी करपली,
तिसरीला छतावरचा अलार्म किंचाळला;
आता आधी त्याला अंघोळीची टोपी घालतो
आणि मग परात पुढे ओढतो.

शेजारच्या डोरीनने कुंपणावरून रुबार्ब दिला.
म्हणाली, याला साखर लागते, भरपूर.
मी देठ चावून पाहिला:
अरे, हा तर आपल्या चुक्याचा चुलतभाऊ!
तुरीच्या डाळीत शिजवला, वर लसणाची फोडणी,
शेंगदाणे मूठभर.
(मूठ माझी. म्हणजे जरा मोठीच.)

वाटीभर तिलाही दिली.
तिने पावाशी खाल्ली, डोळे पुसले,
आणि वाटी परत आली ती
आणखी चार देठ घेऊन.

आकडा हट्टी आहे. थोडासाच उतरलाय.
खिडकीतली मेथी तिरकी वाढते,
उजेड असेल तिकडे.
चढावर आज एकदाच थांबलो,
आणि नाडी खरंच सुटली होती.