बाकी

चित्रीकरण मार्चमध्ये झालं, दाखवणार जूनमध्ये.
मधले तीन महिने निकाल माझ्या पोटात
आणि ओठांवर करारातली बारावी अट.
ग्रिम्सबीतली बेकरीवाली पाव देताना विचारायची,
"जिंकलीस का गं, हेस्टर?"
मी म्हणायचे, "पाव कालचा तर नाही ना?"

आज माझ्या स्वयंपाकघरात सहाजणी.
डोरीनने केक आणलाय, वर साखरेची नऊ अक्षरं,
त्यातलं एक वाटेतच कुणीतरी चाटलेलं.
पडद्यावर मी : निळं जाकीट, कपाळावर जरा जास्तच पावडर.
समोर जागो पेनहॅलिगन, पेन्झन्सचा, वय एकोणीस,
नखं कुरतडलेली, टाय कुणाचातरी मागून आणलेला.

शब्दांत तो पुढे.
खिशातून सुटे पैसे काढावेत तसे
सातसात अक्षरी शब्द काढायचा.
आकड्यांत मी.
एकतीस वर्षं मासळीच्या गोदीत काट्यावर बसले :
कॉडची पेटी, दहा स्टोन,
वजा बर्फ, वजा लाकूड,
वजा कप्तानाची थाप.

शेवटचे आकडे : पंच्याहत्तर, पन्नास, आठ, सात, तीन, दोन.
गाठायचे आठशे बारा.
जागो म्हणाला, "आठशे अकरा," आणि मान खाली.
आठ नि तीन अकरा, अकरा वेळा पंच्याहत्तर,
त्यातून सात दुणे चौदा गेले.
छान होतं. धक्क्याला लागता लागता राहिलेली होडी.
मी म्हणाले, पंच्याहत्तर नि पन्नास, सव्वाशे.
आठ काढा. तीन काढा.
दोन परत घाला, बिचारे उगाच बसून होते.
झाले एकशे सोळा. आता सातपट करा.
डोरीनचा धपका माझ्या पाठीत.
अठ्ठ्याऐंशीला अठ्ठ्याऐंशी.

राहिलं कोडं.
नऊ अक्षरं, तीस सेकंद, जो आधी घंटा दाबेल त्याचं.
काय येणार ते मला ठाऊक आहे,
तरी हात सरकतोच टेबलावरून
साखरेच्या भांड्यापर्यंत.

पाटी फिरली आणि मला दिसलं : मॅरिड.
एम, ए, आर, पुन्हा आर, आय, ई, डी.
नऊतली सात. उरले ई आणि एन.
क्लिफर्डला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.
बँकेच्या फॉर्मवर मी अजून त्याच चौकोनात खूण करते,
कुणी हटकत नाही.
ई डावीकडे ठेवून पाहिला, एन उजवीकडे,
दोघांना मधे कोंबून पाहिलं.
नाकी नऊ आले, तेही अक्षरशः.
तो शब्द मोडल्याशिवाय दुसरा होणार नव्हता,
एवढं कळत होतं.
काटा बाविसावर.
तेविसावर.

टण्.
जागो, चोरी पकडल्यासारखा : "रिमेन्डर?"

रिमेन्डर. म्हणजे बाकी.
एकतीस वर्षं दर पानाच्या तळाशी मी लिहिलेला शब्द,
लाल शाईत, खाली दोन रेघा.

स्वयंपाकघर गप्प. सुरी केकमध्ये अर्धी.
पडद्यावरची मी हसते आहे,
आणि ते हसू खोटं नाही.
हात मिळवताना पोराचा तळवा ओला होता.
पुटपुटला, "तुम्हाला दिसलं होतं ना?"
"दिसलं," म्हणाले, "पण दुसरंच."
हे माइकने टिपलं नाही.

हरणाऱ्याला छत्री देतात, कार्यक्रमाचं नाव छापलेली.
दारामागे आहे. एक काडी आत्ताच वाकलीय.

फोन. लिंकनहून नणंद.
"पाहिलं गं. थोडक्यात गेलं. बाकी?"

बाकी ई आणि एन.

"बाकी ठीक," मी म्हणते.
"केक पुष्कळ उरलाय. येतेस का?"