मान

झोंगुलदाकच्या टेकडीवर शाळा,
खाली बंदर, पुढं काळा समुद्र,
आणि समुद्राच्याही खाली
आमच्या पोरांचे बाप कोळसा खणतात.

माझ्या खोलीत तीन खुर्च्या, एक सुकलेलं जिरेनियम,
चार पानी प्रश्नावली:
'मूल चुकल्यास आपण कारण समजावून सांगता का?
नेहमी. कधीकधी. कधीच नाही.'

सेलामी रात्रपाळीवरून थेट आला.
तोंड धुतलेलं, पण पापण्यांच्या कडांना कोळसा तसाच,
तान्ह्याला काजळ घालावं तसा.
माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस
मी आत येताच टोपी काढून उभा राहिला.

त्याच्या बोराननं यालीनचा दात पाडला होता.
पुढचा. दुधाचा नव्हे.

"वळण लावलंय, होजाम," तो म्हणाला.
"थोरांपुढं पाय पसरत नाही, उलटून बोलत नाही.
मी दारात आलो की टीव्हीचा आवाज आपोआप उतरतो.
गुरुजींचा हात बसतो तिथं गुलाब फुलतो, म्हणतात ना.
तुम्हीही मारा.
मांस तुमचं, हाडं आमची."

बाहेर कुणी डिवचलं तर काय करायचं,
ते सांगितलंय का त्याला?
"मार खाऊन घरी यायचं नाही. एवढंच."
इतकं सरळ म्हणाला,
जणू आभाळ आलंय, छत्री घे.

म्हणजे घरात मान खाली
आणि दाराबाहेर मान ताठ.
चौदा वर्षांच्या पोराला मान एकच,
ती उंबऱ्यावर चपलेसारखी बदलायची,
रोज, न चुकता,
आणि एक दिवस घाईत कुठली घातलीय तेच कळत नाही.

यालीनच्या बापानं प्रश्नावली फोनवरच भरून पाठवली.
सगळीकडं 'कधीकधी'.
मुलगा रात्री कुठं असतो? 'मित्रांकडं असेल.'
असेल.
बोरानच्या आईबद्दल यालीन काय बोलला होता
ते मी लिहून घेतलेलं नाही.

शिपायानं चहा आणला.
सेलामीनं साखरेसाठी हात पुढं केला.
फक्त साखरेसाठी.
शेजारी बोरानचं डोकं खांद्यांत गेलं,
गोगलगायीची शिंगं आत जावीत तसं,
आणि लगेच बाहेर आलं.
मग तो खिडकीकडं बघत मान चोळत राहिला,
आखडली असावी असं दाखवत.

बापानं पाहिलं.
खडा बोटांत तसाच.
"मी तर..." तो म्हणाला
आणि उरलेलं वाक्य
समुद्राखाली कुठल्याशा बोगद्यात राहिलं.

माझे वडील हात उगारत नसत.
बोलणं बंद करत.
मी गणितात नापास झाले तेव्हा एकोणीस दिवस.
"तिला सांग, मीठ दे," असं आईला म्हणत,
मीठ माझ्या हातात असताना.
मी कुणाचा दात पाडला नाही.
पण माझं पेन कागद फाडतं,
हे या वर्षी शिपायानं दाखवलं.
या प्रश्नावलीत
मिठाचा प्रश्न नाही.

तिसरं पान भरायचं राहून गेलं. ते निघाले.
खिडकीतून दिसत होते:
बाप पुढं, पोरगा मागं,
मध्ये एक हात आणि वर चार बोटं,
तो हात कुठवर पोचतो
हे पाठ असलेल्याचं अंतर.

वळणावर सेलामी थांबला.
पोरगाही थांबला, तेवढंच राखून.
बापानं वळून काही म्हटलं असेल,
नसेलही.
मग त्यानं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले,
पार मनगटांपर्यंत,
आणि तसाच चालू लागला
त्या निसरड्या उतारावरून
जिथं हात मोकळे असलेले बरे.