भुईदरवाजा, पुन्हा

राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावर,
पत्र्याचा जिना चढून गेलं की आमचं ऑफिस.
चार टेबलं, गळका कूलर, आणि फळ्यावर खडूनं :
जुनं मोडायचं नाही. नवं अडवायचं नाही.
त्याखाली कुणीतरी : मग करायचं काय, भावा?

जिनपाल उपाध्येनं हा खेळ रचला
तेव्हा तो उद्यमनगरात दिवसा लाकडी साचे कोरायचा,
आणि रात्री, लाईट असेल तेवढा वेळ,
एका राज्याची भुयारं.
म्हणून तर खेळात दर थोड्या वेळानं धर्मशाळा लागते :
थांबा, दिवा लावा, वहीत नाव नोंदवा.
लोक म्हणायचे, काय कल्पना आहे!
कल्पना कसली.
नोंद नाही केली तर भारनियमन सगळं गिळायचं.

पडदा उजळला की पहिला प्रश्न : तू कोण?
लोहार, वैदू, हेर, नावाडी.
मी अकरावीत, तासाला वीस रुपये मोजून हेर.
बापाच्या अडतीच्या चोपडीत
पुढून गुळाच्या रव्यांचा हिशेब,
मागून माझे नकाशे.
एकदा चोपडी उलटी उघडली गेली.
बाप बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला,
ह्या गावाला बाजार कुठल्या वारी?

आता पंचवीस वर्षांनी तेच गाव पुन्हा वसवतोय,
तर रोज फोन.
गडहिंग्लजचे एक मास्तर : विहिरीला हात लावू नका.
कागलचा कोणी : तो कर्कश शिंगाचा आवाज तसाच पाहिजे,
त्यावर माझं लग्न ठरलंय. (कसं, ते सांगितलं नाही.)
आणि नवी पोरं चाचणीला येतात,
भुयारात दोन वळणं घेतात अन् विचारतात,
बाण कुठाय? कुठं जायचं ते दाखवणारा बाण?
बाण नाही म्हटलं की
आमच्याकडं बघतात, जसं
पाहुण्यांना चहा न विचारणाऱ्या घराकडं बघावं.

उपाध्ये आता संध्याकाळी रंकाळ्यावर फिरतो.
खेळ दाखवायला गेलो तर बघितला नाही.
साचा माझा होता, म्हणाला, ओतकाम तुमचं.
अन् शेंगा पुढं केल्या.

तिसऱ्या नदीवरचा म्हातारा नावाडी
कधी बोलायचा, कधी नाही.
आम्ही त्याला भाकरी दिली, मोहरा दिल्या,
अमावस्येची वाट पाहिली, माफी मागितली.
इचलकरंजीचे एक घाटगे सांगतात :
माग बंद पडला त्या महिन्यात
मी रोज रात्री जाऊन त्याच्याजवळ बसायचो.
तोही गप्प, मीही गप्प. बरं वाटायचं.

तहसीननं जुना कोड उघडला.
तहसीन म्हणजे शौकत शिकलगारांची धाकटी,
ज्यांनी त्या नदीचं पाणी
चौकोन चौकोन भरून रंगवलं होतं.
दोन मिनिटांत म्हणाली, काका, राग नव्हता त्याला.
एक ओळ लिहायची राहिली होती.
तिनं ती लिहिली.
नावाडी तत्काळ बोलला : कुठं जायचं?

ऑफिसात कोणीच काही म्हणालं नाही.
कूलर तेवढा गळत राहिला.
मला माझ्या सगळ्या भाकरी आठवल्या.

मग तिनंच ती ओळ खोडली.
गप्प राहू दे त्याला, म्हणाली,
पण जरा सरकू दे.
कुणी जवळ आलं की
नावेच्या फळीवर एका माणसाची जागा झाली पाहिजे.

आठवडा गेला त्या सरकण्यात.
खांदा आधी, मग काठी, मग धोतराचा सोगा.
बाण आम्ही दिला नाही. शिंग तसंच ठेवलं.
काही जण चिडतील, चिडू देत.

खेळ बाहेर पडला त्या रात्री
दोन वाजता घाटग्यांचा फोन.
मागे कुठंतरी मागांची खडखड,
त्यात त्यांचा आवाज नीट येत नव्हता.
हॅलो, हॅलो, म्हटलं, काय अडचण आहे का?
अडचण न्हाई, म्हणाले.
सरकला की वो.