पावती नाही

कुटाइसीत तीन दिवस. काम: शिलाई मशिनं मोजणं.
इझमीरच्या हेड ऑफिसनं दिलेला तक्ता,
एका रकान्यात ‘चालू’, दुसऱ्यात ‘बंद’,
तिसरा रकाना कोरा, वर लिहिलेलं ‘पुढे काय’.
तो मी भरायचा नाही, असं निघतानाच बजावलेलं.

हॉटेलात नाश्त्याला तोच पिवळा ज्यूस
जो अदानात प्यालो, प्लोव्हदिवमध्येही प्यालो.
काउंटरवर घडीपत्रक:
टेकडीवरचं चर्च, नदीवरचा पांढरा पूल,
कारंज्यातले सोनेरी घोडे.
सगळं एका संध्याकाळीत उरकलं.
घोडे खरंच सोनेरी होते.
बरे होते.

चांगलं जेवण कुठं मिळेल, ड्रायव्हरला विचारलं.
मुरमाननं पाहुण्यांना सांगायचं असतं ते नाव सांगितलं.
म्हटलं, तू कुठं जेवतोस?
त्यानं गाडीचा वेग कमी केला,
आरशातून माझ्याकडे पाहिलं,
उसने पैसे मागणाऱ्याकडे पाहावं तसं.

मग हिरव्या बाजाराच्या मागं,
लोणच्यांच्या बादल्या ओलांडून,
द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या
अक्रोडांच्या लांब लांब माळांखालून मान वाकवून
एक दार. पाटी नाही.
टेबलं पाच, त्यातलं एक मांजराचं.

लामारानं मातीच्या बोळक्यात लोबिओ आणला.
बोळक्याला झाकण म्हणून म्चादी, मक्याची जाड भाकरी,
तिच्यावर लामाराचीच चार बोटं उठलेली
आणि तशीच भाजून पक्की झालेली.
झाकण मोडायचं, वाफ तोंडावर घ्यायची.
खाली राजमा, अक्रोडाचं वाटण, कोथिंबीर,
आणि एक आंबट काहीतरी,
ज्याचं नाव मुरमानला तुर्कीत सांगता येईना.
“झाडाचं असतं,” एवढं म्हणाला
आणि मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.
मी खातच राहिलो. वाटीला हात लावला नाही.

“कशासाठी आलात?” बाईनं विचारलं.
“मशिनं मोजायला.”
मुरमान लगेच भाषांतर करीना.
पाणी प्याला. मिशी पुसली. मग केलं.
लामारा मांजराकडे बघत म्हणाली,
“अठ्ठेचाळीस नंबर माझ्या लेकीचं. गुरांडाचं.”
आवाज चढला नाही.
न मागता आणखी एक भाकरी ठेवली.
पैसे मात्र मोजून घेतले, शेवटच्या तेत्रीपर्यंत.
पावती मागायचा धीर झाला नाही.

अठ्ठेचाळीस मी आदल्या दिवशीच मोजलेलं.
तक्त्यात बरोबरची खूण होती.
रात्रभर आठवून पाहिलं, खूण तेवढी आठवली.

सकाळी भोंग्याच्या आधीच गेलो,
घडीपत्रकात नसलेलं एक ठिकाण बघायला.
तिसरी रांग, खिडकीकडून दुसरं.
पायपट्टीला जुन्या स्वेटरचा तुकडा बांधलेला,
थंडीत तळवा गारठू नये म्हणून.
सुईखाली अर्धी कॉलर.
आणि मशिनच्या मानेवर बॉलपेननं काही लिहिलेलं,
त्यांच्या त्या गोल गोल अक्षरांत, ओळींवर ओळी.
प्रार्थना असेल, मला वाटलं.
“छे,” मुरमान म्हणाला, “तेल कधी घातलं, त्या तारखा.”

नऊ वर्षांच्या तारखा.
सर्वांत खालची परवाची.

गुरांडा आली. डबा खिडकीत ठेवला.
मी तिच्याच खुर्चीपाशी वाकलेला.
ती मुरमानशी काही बोलली, बरंच बोलली असं वाटलं.
त्यानं मला एवढंच सांगितलं:
“आई विचारते, मीठ कमी होतं का?”

“नव्हतं,” मी म्हणालो.
खरं तर थोडं होतं.

विमानतळावर खर्चाचा फॉर्म भरला.
जेवण, अकरा लारी. पावती: नाही.
नसल्यास कारण:
दुकानाला नाव नाही, मी लिहिलं.
तक्त्याच्या शेऱ्यांत तेलाच्या तारखा उतरवल्या होत्या,
मुरमान वाचत गेला तशा, एकेक.
त्या कुणी वाचेल असं वाटत नाही.
जागा संपली तेव्हा
तिसऱ्या रकान्यात थोड्या सरकल्या.